गिल्डच्या क्विल्ट शोमध्ये साड्यांची गोधडी द्यायची आहे: वर्ग, टाके, कडा, स्लीव्ह

अनारसा:
अमेरिकेत ओहायोमध्ये राहते. इथल्या क्विल्ट गिल्डचं (क्विल्ट शिवणाऱ्यांच्या संघाचं) प्रदर्शन ऑक्टोबरात आहे आणि स्पर्धेत गोधडी द्यायची आहे. माप ६० × ७२ इंच. सुती साड्यांचे चार थर, मध्ये बॅटिंग (क्विल्टमध्ये भरतात तो कापसासारखा थर) नाही. वरच्या थरावर ठिगळं, आणि बाहेरून आत चौकोनी फेऱ्यांनी धावदोरा. दोन ओळींत साधारण अर्धा इंच, इंचाला पाच टाके. कडा आत दुमडून शिवल्या आहेत, वेगळा गोट नाही. बाहेरच्या काही फेऱ्या सासूबाईंच्या हातच्या आहेत.

मागच्या वर्षीच्या बक्षीसपात्र क्विल्टांचे फोटो पाहिले. टाके मुंगीएवढे, कोपरे कागद कापल्यासारखे. अशा स्पर्धेत गोधडी कोणत्या वर्गात भरायची? बॅटिंग नाही म्हणून बाद होईल का? गोट लावून घेऊ का? फॉर्ममध्ये चार इंची हँगिंग स्लीव्ह (टांगायची दांडी घालायला मागे शिवलेली कापडी नळी) सक्तीची आहे, ती गोधडीला कशी लावायची? हातात महिनाभर आहे.

गोट_आणि_गाठ:
आधी नियमांचं बघू, कारण क्विल्ट बाद होते ती बहुतेक वेळा फॉर्मवर, टेबलावर नाही.

बऱ्याच शोंची व्याख्या अशी असते: वरचा थर, मधलं भरण, खालचं अस्तर, आणि तिन्ही एकत्र धरणारे टाके. भरण बॅटिंगचंच हवं असं सहसा लिहिलेलं नसतं. तुमचे मधले दोन थर हेच भरण. फॉर्मवर ‘बॅटिंग’च्या रकान्यात रेघ मारू नका, ‘सुती साडीचे दोन थर’ असं लिहा. रिकामा रकाना दिसला की स्वयंसेवक ती ‘क्विल्ट नाही, नुसता टॉप आहे’ म्हणून बाजूला काढू शकतात. शंका असेल तर शोच्या समितीला आत्ताच ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा.

सासूबाईंच्या फेऱ्या हा जास्त महत्त्वाचा मुद्दा. एकीने केलेली, दोघींनी केलेली आणि गटाने केलेली असे वर्ग बहुतेक ठिकाणी वेगळे असतात. एक फेरीसुद्धा दुसऱ्या हाताची असेल तर ती ‘दोघींची’. दोन्ही नावं द्या. एकट्याच्या वर्गात दिली आणि नंतर कळलं तर बक्षिसाची फीत परत द्यावी लागते. शिवाय दोन हातांचे टाके वेगळे दिसतात, ते परीक्षकांना दिसणारच.

वर्ग ‘हाताने क्विल्टिंग’ असा असेल तर तोच घ्या. ‘इतर तंत्रं’ किंवा ‘पारंपरिक/जगभरातली’ असा वर्ग दिसला की आपल्या लोकांना तिथे जायचा मोह होतो, पण तिथे लोकर, भरतकाम, त्रिमिती असं काहीही येतं आणि तुलना कशाशी होईल ते सांगता येत नाही. काही शो वर्ग मापाने पाडतात. तिथे परिघ विचारतात. तुमचा ६० + ७२ + ६० + ७२ = २६४ इंच.

आता टाके. इंचाला दहा-बारा ही अमेरिकन हात-क्विल्टिंगची जुनी पट्टी, आणि मोजतात फक्त वर दिसणारे. पण ती बॅटिंग आणि बारीक कापडासाठीची आहे. प्रशिक्षित परीक्षक आकड्यापेक्षा सारखेपणा बघतात: टाका आणि टाक्यामधली जागा सारखी आहे का, मागची बाजू पुढच्यासारखी आहे का, प्रत्येक टाका सगळ्या थरांतून गेला आहे का. इंचाला पाच आणि सगळे एकसारखे, हे इंचाला नऊ पण कुठे सहा कुठे अकरा यापेक्षा केव्हाही वर. म्हणून उलटी करून बघा. चार थरांत मागचा टाका चुकतो किंवा सुई नुसती तिसऱ्या थरापर्यंत जाते. मागे जिथे दोन-तीन टाके गायब आहेत तिथे नवा दोरा घेऊन त्याच ओळीत भरून काढा.

गाठी. गोधडीत आपण गाठ मागच्या बाजूला सर्रास ठेवतो. या स्पर्धेत ती दोष धरतात. मागची प्रत्येक गाठ शोधा, सुईच्या टोकाने हलकेच ओढून थरांच्या मध्ये घाला. जुन्या साडीत ओढताना भोक पडतं, तेव्हा खेचू नका. तिथे गाठ कापून शेपूट सुईत ओवून इंचभर आत नेऊन सोडा. शेपूट ओवण्याइतकं उरणार नसेल तर कापायच्या आधी तेवढे दोन-तीन टाके उसवून घ्या.

वाकळ:
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. गोधडीचे म्हणून जे खास दोष असतात ते लिहिते.

बाहेरून आत शिवत गेलं की जास्तीचं कापड प्रत्येक फेरीला थोडं थोडं आत ढकललं जातं आणि शेवटी मध्यभागी येऊन साठतं. अंथरलेली गोधडी मध्ये फुगलेली दिसते ती यामुळे. अंगावर घ्यायच्या गोधडीत याचं कुणालाच काही वाटत नाही. उभी टांगली की मात्र तो फुगा लोंबतो आणि त्याखाली आडव्या चुण्या येतात. शिवण्याआधी चार-पाच इंचांच्या जाळीत कच्चे टाके घातले असते तर फुगा आला नसता. आता शिवून झालेल्या गोधडीला उपाय एकच: मधल्या तीन-चार फेऱ्या उसवा, ठिगळाची एक बाजू उचला, वरच्या थरातलं जास्तीचं कापड बारीक दुमड घालून ठिगळाखाली लपवा, ठिगळ परत बसवा, फेऱ्या पुन्हा घाला. ठिगळांच्या गोधडीची ही सोय आहे, अखंड कापडाच्या क्विल्टला ती नाही. खालच्या थरात फुगा असेल तर तिथेही वरून एक ठिगळ द्यावं लागेल.

दोरा ओढून शिवलं असेल तर उलटा दोष दिसतो: कडा आत ओढल्या जातात, मधला भाग सपाट आणि चारी बाजू कमानीसारख्या आत वळलेल्या. ओळ संपली की दोऱ्यावर बोट फिरवून कापड मोकळं करायचं असतं, ते राहून जातं.

तिसरा, जोड. साडीचा पन्हा साधारण ४५ इंच, त्यामुळे ६० इंचाला प्रत्येक थरात जोड आलाच. चारही थरांचे जोड एकावर एक आले असतील तर तिथे दोरीसारखा उंचवटा दिसतो, आणि टांगल्यावर वरच्या दिव्यात त्याची सावली पडते. हात फिरवून बघा. असा उंचवटा आता काढता येत नाही, पण निदान तो वर-खाली उभा जाईल अशी टांगायची बाजू निवडा. आडवा असेल तर गोधडी तिथेच वाकते.

गोट लावू नका. लावलात तर आधी कडा कापाव्या लागतील, आणि बाहेरच्या फेरीचे सगळे टाके सुटतील. दुमडून बंद केलेली कड हा मान्य प्रकार आहे. फक्त दोन्ही दुमडी एकमेकींच्या बरोबर समोर हव्यात. मागची कड पुढून डोकावत असेल तर ती आत ढकलून बारीक लपते टाके घाला, इंचाला आठ-दहा. कोपरे टोकदार करायच्या नादात आतलं कापड छाटू नका, कोपरा पोकळ आणि लुळा पडतो.

गोट_आणि_गाठ:
गोट नको, हे बरोबर. ज्यांच्या क्विल्टला गोट आहे त्यांच्यासाठी मात्र लिहून ठेवते, कारण परीक्षकांच्या शेऱ्यांत याच तक्रारी सारख्या येतात. गोट आत भरलेला हवा, चिमटीत रिकामा लागला की गुण गेले. म्हणजे क्विल्टची कड गोटाच्या घडीपर्यंत पोचायला हवी. सरळ कडेला उभ्या किंवा आडव्या धाग्यावर कापलेली सव्वादोन इंची पट्टी दुहेरी दुमडून चालते. कड गोलाईची असेल तरच उरेब पट्टी. कोपऱ्याची ४५ अंशांची दुमड पुढून आणि मागून दोन्हीकडे शिवून बंद करायची, उघडी ठेवायची नाही. पट्ट्यांचे जोड तिरके घ्या आणि कोपऱ्यावर येऊ देऊ नका.

लिंबलोण:
मला वेगळं वाटतं. स्पर्धेसाठी गाठी लपवा, फुगे काढा, जोड दडवा... मग गोधडी उरली कुठे? जवळजवळ प्रत्येक शोमध्ये ‘फक्त प्रदर्शनासाठी’ असा पर्याय असतो. त्यात भरा. फीत नसते, पण कुणी चुका मोजत बसत नाही, आणि प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार बऱ्याच ठिकाणी सगळ्यांना खुला असतो.

अलाबामातल्या जीज बेंडच्या बायकांच्या क्विल्ट २००२ साली ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये लागल्या. जुन्या कामाच्या कपड्यांच्या, वाकड्या पट्ट्यांच्या, मोठ्या टाक्यांच्या. गिल्डच्या फूटपट्टीने त्यांतल्या कितींना फीत मिळाली असती?

वाकळ:
लिंबलोण, तो मुद्दा कलादालनाचा झाला, गिल्डच्या शोचा नाही. गिल्डच्या परीक्षकांना संयोजकांनी आधी रचना आणि कारागिरी बघायला सांगितलेलं असतं, आणि ते तेच बघतात. वाकडी पट्टी चालते, फक्त ती हेतूने वाकडी आहे हे दिसायला हवं: एकच वाकडी असेल तर चूक, सगळ्या असतील तर रचना. आणि गोधडी सपाट असणं, गाठ सुटणार नाही अशी असणं हे आपल्याकडच्या चांगल्या शिवणारणीलाही हवंच असतं.

शिवाय या फूटपट्ट्या बदलतात. अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीचा पाडुका, केंटकी इथला शो १९८५ पासूनचा. तिथलं सर्वोच्च पारितोषिक मशीनने क्विल्टिंग केलेल्या क्विल्टला पहिल्यांदा मिळालं ते १९८९ मध्ये, कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांना. त्याआधी मोठं बक्षीस म्हणजे हातशिवणच, असं धरून चालत. आज मोठ्या शोंत मशीनकाम जास्त आणि हातकामाला वेगळा वर्ग द्यावा लागतो. अनारसा यांच्यासाठी ही सोयीची गोष्ट, त्या वर्गात गर्दी कमी.

अनारसा:
सगळ्यांचे आभार. स्पर्धेतच देते, ‘दोघींची’ म्हणून.

मोजलं. रुंदी वर ६०, मध्ये ५९ आणि खाली ६० पाव. दोन कर्णांत सव्वा इंचाचा फरक. मध्ये फुगा आहे पण थोडा. मागे पाच-सहा ठिकाणी टाके चुकलेत. ठिगळांच्या रेषा निळ्या, पाण्याने जाणाऱ्या पेनाने आखल्या होत्या, त्या अजून अंधूक दिसतात. एक ठिगळ मरून साडीचं आहे, त्याची भीती वाटते. आणि स्लीव्हचं अजून कुणी सांगितलं नाही!

गोट_आणि_गाठ:
क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून क्रमाने.

इस्त्री अजिबात नाही, जोपर्यंत निळी शाई आहे. उष्णतेने ती पक्की होते आणि नंतर तपकिरी डाग उरतो. शाई साध्या थंड पाण्याने काढायची, साबण नंतर. (ज्यांनी उष्णतेने उडणारं पेन वापरलंय त्यांच्यासाठी: ती शाई इस्त्रीने दिसेनाशी होते, जात नाही. कडाक्याच्या थंडीत पार्सल ट्रकमध्ये राहिलं तर रेषा परत उमटतात. ओहायोत जानेवारीचा शो असेल तर हे हसण्यावारी नेऊ नका.)

पाणी लावण्याआधी मरून. पांढऱ्या सुती फडक्याचा तुकडा ओला करून मरून ठिगळावर दाबून ठेवा, दहा मिनिटांनी बघा. मागच्या बाजूनेही करा. रंग उतरला तर फडक्याने पुसत बसू नका आणि अर्धवट भिजवूही नका, अर्धवट ओल्या कापडातच रंग सरकून शेजारी बसतो. तेव्हा दोनच मार्ग. एक, ते ठिगळ उसवून बदला. माझं मत हेच, एका ठिगळासाठी अख्खी गोधडी पणाला लावू नये. दोन, शाई थंड पाण्याने पूर्ण गेल्यावर टबात भरपूर गरम पाणी आणि भांड्यांचा पातळ साबण घालून गोधडी पूर्ण बुडेल अशी रात्रभर ठेवा. सुटलेला रंग पाण्यातच राहावा म्हणून पाणी भरपूर लागतं. सकाळी पाणी रंगीत असेल तर पुन्हा तेच, नितळ येईपर्यंत. वाळू देऊ नका मधे. पण चाळीस वर्षांची विरलेली साडी असेल तर गरम पाण्याचा हा मार्ग नको.

मग ब्लॉकिंग, म्हणजे ओली गोधडी चौकोनात ताणून वाळवणं. फोमच्या जोडपाट्या (मुलांच्या खेळायच्या खोलीत असतात त्या) जमिनीवर मांडा, वर स्वच्छ चादर. ओलसर गोधडी पसरा. आधी चारी बाजूंचे मध्य, मग कोपरे, मग मधल्या जागा, दर दोन-तीन इंचांवर न गंजणारी टाचणी. कर्ण मोजत राहा. जो कर्ण छोटा आहे त्याची दोन टोकं हातांनी ओढायची. सव्वा इंचाचा फरक अर्ध्या इंचाच्या आत येईल, शून्य होणार नाही, आणि शून्यासाठी ओढलंत तर जुनं कापड टाक्यापाशी फाटेल. मधली ५९ साडेएकोणसाठपर्यंत गेली तरी पुरे. पंखा लावा, पूर्ण वाळेपर्यंत टाचण्या काढू नका. फुग्याची दुरुस्ती आणि चुकलेले टाके या सगळ्याच्या आधी करा.

स्लीव्ह सगळ्यात शेवटी. ९ इंच रुंद, ६० इंच लांब पट्टी, नव्या मजबूत सुती कापडाची. साडीची नको. दोन्ही टोकं अर्धा आणि अर्धा इंच दुमडून टीप मारा, ५८ राहील, म्हणजे प्रत्येक बाजूने एक इंच आत. दांडी बाहेर निघायला ती जागा लागते. पट्टी लांबीत दुमडा, सुलट बाजू बाहेर, अर्धा इंचावर टीप. आता चार इंची नळी झाली. टीप मागच्या बाजूच्या मधोमध आणून, म्हणजे गोधडीला टेकेल अशी, दाबून घ्या.

वरची कड गोधडीच्या वरच्या कडेपासून अर्धा इंच खाली लपत्या टाक्यांनी शिवा. खालची कड शिवण्याआधी नळीचा बाहेरचा पापुद्रा अर्धा इंच वर सरकवा, म्हणजे नळी बाहेरच्या बाजूला पोटासारखी सैल राहील. हे केलं नाही तर दांडी घातल्यावर पुढच्या बाजूला आडवा उंचवटा येतो आणि तो अगदी वर, डोळ्यांसमोर असतो. दोन्ही टोकांना गोधडीला चिकटलेला पापुद्राही शिवून टाका, नाहीतर दांडी नळीऐवजी नळी आणि गोधडीच्या मधून जाते.

वाकळ:
स्लीव्हबाबत एक भर. नेहमीची सूचना असते की टाका फक्त अस्तरात घ्या. गोधडीत ते पुरत नाही. सगळं वजन मागच्या एका जुन्या साडीवर येतं आणि दोन-तीन दिवस टांगल्यावर ती फाटते. सुई मधल्या दोन थरांपर्यंत जाऊ द्या, वर दिसू नये एवढंच बघा. पाव इंचावर टाका, दर पाच-सहा इंचांवर एक दुहेरी.

कोल्हापुरी_साज:
जरा बाजूला जाऊन विचारते: डबल बेडची नवी करायची तर किती साड्या लागतील? चार थरच.

वाकळ:
पाचवारी साडी साडेपाच मीटर धरा, म्हणजे सुमारे २१६ इंच. तिचे ७२ इंचांचे तीन तुकडे. दोन तुकडे पन्ह्याला पन्हा जोडले की एक थर, ७२ × ८९. चार थरांना आठ तुकडे, तीन साड्यांतून नऊ निघतात, नववा ठिगळांना. कडा दुमडून आणि टाक्यांनी आवळून तयार माप ६९ × ८५ च्या आसपास येईल. नऊवारी असेल तर एकीतून चार तुकडे, म्हणजे दोन नऊवारींत काम झालं. काठ जाड किंवा जरीचा असेल तर कापून टाका आणि रुंदी तेवढी कमी धरा. काठाची वीण घट्ट, धुतल्यावर तो अंगापेक्षा वेगळा आटतो, आणि सुईही अडते. सिंथेटिक मिसळ असलेली साडी सुती थरांत घालू नका. दोरा ८ नंबरचा पर्ल कॉटन, सुई भरतकामाची ५ किंवा ६ नंबरची. दाभण नको, जुन्या कापडात भोकं राहतात. प्रत्येक थराचा जोड आधीच्यापेक्षा सात-आठ इंच सरकवा, त्यासाठी दोन थरांत एक तुकडा उभा फाडून दोन बाजूंना लावावा लागेल.

लिंबलोण:
विरोध नोंदवून झाला, आता कामाचं सांगते. वास! आपल्या घरातल्या कापडाला फोडणीचा आणि कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास बसलेला असतो, आपल्याला तो येत नाही. बऱ्याच शोंच्या नियमांत वास आणि प्राण्यांचे केस असलेली क्विल्ट परत पाठवायची तरतूद असते. दोन दिवस सावलीत, हवेशीर जागी दोरीवर आडवी टाका. अत्तर किंवा फवारा मारू नका. केसांसाठी चिकट रोलर दोन्ही बाजूंनी, पण विरलेल्या ठिगळांवर हलक्या हाताने.

फिकट ठिगळाखाली गडद दोऱ्याचा तुकडा अडकलेला दिसतो का तेही दिव्याखाली बघा. बारीक क्रोशाच्या सुईने बाजूच्या टाक्यामधून ओढून काढता येतो.

गोट_आणि_गाठ:
राहिलेलं. मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात कापडी लेबल: दोघींची नावं, गाव, वर्ष. परीक्षण नाव न कळू देता होतं, म्हणून जमा करताना त्यावर कापडाचा तुकडा टाचून झाका. पुढच्या बाजूला नाव किंवा आद्याक्षरं शिवलेली असतील तर समितीला आधी कळवा.

माहितीच्या रकान्यात सहसा मोजकेच शब्द चालतात. त्यात आठवणी घालू नका. ‘साड्यांचे चार थर, बॅटिंग नाही, बाहेरून आत फेऱ्यांनी हातशिवण, कडा दुमडून बंद, महाराष्ट्रातली पद्धत’ एवढं आलं की परीक्षकांना कळतं की मोठा टाका आणि गोट नसणं हे प्रकारातच आहे. परीक्षकांसमोर क्विल्ट मांडणारी व्यक्ती कधी ही माहिती वाचून दाखवते, कधी नाही. शोप्रमाणे बदलतं.

नेताना घडी नको. स्विमिंग पूलमध्ये पोरं धरतात तो फोमचा लांब नूडल घ्या, त्यावर धुतलेली चादर, आणि गोधडी पुढची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा. सुरकुत्या पडल्या तर मागच्या थरात पडतात. वर सुती उशीचा अभ्रा किंवा चादर, त्यावर नाव आणि प्रवेश क्रमांक. प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवू नका. जमा केल्याची पावती आणि दोन्ही बाजूंचे फोटो तुमच्याकडे असू द्या, परत घेताना पावतीशिवाय देत नाहीत.

अनारसा:
मरून ठिगळाची फडक्याची चाचणी केली, गुलाबी डाग आला. बदलते. निळी शाई त्यानंतरच धुते. फॉर्मवर टांगायची बाजू ‘६० इंची वर’ लिहिली आहे, जोड उभे जातात. ब्लॉकिंग झालं की कर्णांची मापं इथे टाकते.